शक्तियंत्राची सुई

मांडवीला आमच्या शेजारी गुणाजीकाका राहत. मागच्या मोसमात होडीवर त्यांचा उजवा खांदा निखळला आणि ते घरी बसले. यंदा नारळी पौर्णिमेला जाळं ओढून दाखवलं, तरच तांडेल दादू त्यांना होडीवर घेणार होता. नाहीतर त्यांच्या जागी दुसरा माणूस ठरलेलाच होता.

म्हणून त्यांनी मासिकातली जाहिरात वाचून मुंबईहून शक्तियंत्र मागवलं. दोन मुठी, मधे जाड स्प्रिंग आणि ताण दाखवणारी सुई. 'महिन्यात ताकद दुप्पट!' ही १९८४ची गोष्ट. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. पहिल्याच दिवशी मी यंत्राला पाण्याने भरलेली बादली टांगून पाहिली. सुई वीसवर गेली. काकांनी ओढल्यावर पंचवीस. दोन्ही आकडे वहीत लिहिले.

तीन आठवड्यांनी काका यंत्र घेऊन आमच्या पडवीत आले.

"बाय, चाळीस झाले. बघ."

त्यांनी ओढलं. खरंच चाळीस. मी तीच बादली काठोकाठ भरून पुन्हा टांगली. पस्तीस.

"बादलीनंपण व्यायाम केलान वाटतं," मागोमाग आलेल्या त्यांच्या बायको, मालनकाकू म्हणाल्या.

बादली काढली तरी सुई पंधरावरच उभी राहिली.

"काका, रात्री हे कुठं ठेवता?"

"माडाला टांगतो, खाली जांभ्याचा चिरा बांधून. नवा दोर आधी ताणून घेतात ना, मागनं लांबू नये म्हणून? तसंच."

दोराला ते मानवतं. स्प्रिंग मर्यादेपलीकडे ताणली की मूळ लांबीवर परत येत नाही, असं मी सांगितलं. चाळीसातून पंधरा गेले की पंचवीस उरतात, हे त्यांनी स्वतःच मोजलं आणि ते खांदा चोळू लागले. मला सांगितल्याचं वाईट वाटलं.

"आता काय गो? पंधरा दिवस उरले."

"विहिरीवर कप्पी आहे. उजव्या हाताने ओढायचं. आज अर्धी बादली, मग रोज एकेक तांब्या वाढवायचा. दुखलं तर एक तांब्या कमी."

"बाराव्या वर्षापासून ओढत्येय मी," काकू म्हणाल्या. "मला न्हाय कुणी जाहिरातीत छापलं."

"तुझा फोटो बघून यंत्र कोण घेईल गो?"

"पण पाणी तरी येतं माझ्या ओढण्यानं."

त्या दिवसापासून स्वतःच्या घरचंच नव्हे, आमच्याही घरचं पाणी काका भरू लागले. पंधराव्या दिवशी पूर्ण बादली वर आली. सावकाश, पण न थांबता.

पौर्णिमेला नारळ वाहून झाल्यावर दादूने त्यांच्या हातात जाळ्याचा दोर दिला; बाजूचे दोर होडीवरच्या दोघांनी धरले. काकांचा डावा हात आपसूक पुढे गेला.

"उजवा पुढं ठेव," दादू म्हणाला.

काका ओढत राहिले. बाजूच्या दोघांनी वीस-वीस हात दोर घेतला तेव्हा काकांचे बाराच झाले होते. काकू पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. मी मोजायचं सोडून दिलं.

दादूने जाळं उलगडून पाहिलं.

"लय हळू ओढतोस, गुणाजी."

काकांनी दोर खाली ठेवला.

"पण तुझ्या बाजूला जाळ्याचा एक फासा तुटला न्हाय. ह्या दोघांनी हिसके देऊन चार तोडले. बस मागल्या अंगाला."

दादूचा विचार बदलायच्या आत काका होडीत चढलेसुद्धा.