सकाळचं मोजमाप

टक टक. काठी फरशीवर वाजली आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. वडील एकेक फरशी ठोकून बघत होते.

"ही पोकळ झालीय बरं का," ते म्हणाले. "माझ्या रस्त्यासारखी नाही."

त्यांची मुलगी डबा भरत राहिली. घरापासून हाकेच्या अंतरावरचा तो रस्ता वडिलांनी तरुणपणी रोलर चालवून दाबलेला. त्यांच्या हातचे बाकीचे रस्ते कधीच उखडले. हा एकच उरला होता. रस्ते तपासणं हे तिचं काम; काल दुपारी तिनं त्यावर यंत्र लावलं. यंत्रातून वजन पडतं, रस्ता किती दबतो ते कळतं. ओरखडाही काढावा लागत नाही. रस्ता नको तितका दबला होता. रात्री जेवताना ते तिच्या तोंडून निघून गेलं, आणि वडिलांचा घास हातातच राहिला.

"भर उन्हात मोजलंस ना? तापलेलं डांबर मऊच लागणार. गार असताना मोज, मग बोल."

उन्हाचा हिशेब यंत्र धरतंच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती निघाली. शाळेला सुट्टी, लेकीमागे धावणं आजोबांना झेपेना, म्हणून तिलाही गाडीत घेतलं.

रस्ता गार होता, काळाभोर, कुठे भेग नाही. वजन धप्पकन पडलं. वजनापासून लांब ठेवलेले सेन्सर खोलातलं दबणं टिपतात, तेसुद्धा हलले. म्हणजे दोष खोलात होता, डांबर शाबूत होतं. खाली मातीत पाणी मुरलं होतं.

"वरून झकपक," ड्रायव्हर म्हणाला. "मुळापासून खणावा लागणार बघा हा."

"पुन्हा एकदा पाडू."

"मॅडम, रस्त्याला किती वेळा विचारणार? तो काय शब्द फिरवणारे का?"

पुन्हा पाडलं. तेच. गाडीत लेक बिस्कीट खात ऐकत होती.

घरी आल्या तर वडील दारातच खुर्ची टाकून बसलेले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट.

"काय म्हणतोय?"

तुमचं काम चोख आहे, दोष खालचा, हे तिनं वाटेत जुळवून ठेवलं होतं. पण त्याच्यापुढचंही सांगावं लागलं असतं, आणि तेवढं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"तुमचंच खरं, बाबा. उन्हानंच घोळ केला. ठणठणीत आहे."

"मी काय सांगत होतो?" त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "वाढ मला. भूक लागलीय."

ती ताट वाढायला आत गेली. लेक मागोमाग आली, ओट्याशी टेकून हळूच म्हणाली,

"आई, ते खणायला येतील तेव्हा आजोबांना काय सांगायचं?"