बाईंची पाटी आणि एकुलता व्हॉल्व्ह

मी एक जुना व्हॉल्व्ह आहे, मित्रांनो. अंगठ्याएवढी काचेची बाटली, खाली नऊ पिना, आत दोन जुळे भाग आणि डोक्यावर चंदेरी टोपी. तुमच्यातल्या बहुतेकांनी मला पाहिलंही नसेल. माझं काम आता नखाएवढ्या चिपा करतात. करू देत बापड्या.

कारखान्यात भिंगाखाली डोळे बारीक करून काम करणाऱ्या बायकांनी केसासारख्या तारेनं माझी आतली जाळी गुंडाळली. मग माझ्यातली हवा काढून मला बंद केलं. तिथून मी एका रेडिओदुरुस्तीच्या दुकानात आलो. तिथे डाग देण्याचं, म्हणजे तारा कथलानं जोडण्याचं काम एक बाई करायच्या. "बाईंनी जोडलंय ना? मग बघायला नको," असं गिऱ्हाईक म्हणायचं. शेजारच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातले घड्याळजी रोज काहीतरी निमित्त काढून रेडिओ शिकायला यायचे. रेडिओ त्यांना फारसा आला नाही, पण बाईंशी लग्न झालं.

पुढे दुकान बंद झालं आणि मी बाईंच्या घरी बटणांच्या डब्यात जाऊन पडलो. डबा कुणी हलवला की माझ्या काचेच्या जिवाला धडकी भरायची. किती वर्षं गेली कुणास ठाऊक. मला विसरले म्हणून मी मनातून खूप रुसलो होतो.

एका सकाळी डबा उघडला आणि मला बाई दिसल्या. केस पांढरे, गळ्याला रुमाल आणि हातात दगडी पाटी. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला होता. औषधांनी बोटं बधिर झाली होती, त्यामुळे डाग देणंही सुटलं होतं. पाटीवर लिहिलं होतं, "माझा आवाज कसा होता, मलाच आठवत नाही." ते वाचून माझा रुसवा कुठल्या कुठे गेला.

घड्याळजींना माळ्यावर दुकानातली एक टेप सापडली होती. दुरुस्त झालेलं यंत्र तपासताना त्यावर कुणीतरी काहीबाही बोलायचं. तिच्यावर बाईंचा आवाज आहे एवढंच त्यांना आठवत होतं. पण पट्टीचा तपकिरी मुलामा भुकटी होऊन गळत होता. ती एकदाच फिरेल, दुसऱ्यांदा नाही. जुन्या टेपयंत्रातून आवाजही इतका क्षीण यायचा की तो वाढवायला घरीच एक प्रीअँप्लिफायर बनवायचा होता. त्यासाठी घरात मी एकटाच व्हॉल्व्ह उरलो होतो.

टेबलावर जोडणीचे दोन नकाशे पसरले. पहिल्यात माझे दोन्ही भाग एकामागून एक आवाज वाढवणार होते. दुसऱ्यात एकच भाग वाढवणार आणि दुसरा तो आवाज नीट पुढे पोचवणार होता.

"पहिलाच घेऊ," घड्याळजी म्हणाले. "खणखणीत ऐकू यायला हवं, अगं."

बाईंनी खडू ओढला. "खरखरही खणखणीत होईल."

"आणि दुसऱ्यात काहीच ऐकू आलं नाही तर?"

"मोठा नको. स्वच्छ हवा."

 शेवटी घड्याळजींनी पहिला नकाशा घडी घालून खिशात ठेवला आणि दुसरा पुढे ओढला. मला हायसं वाटलं. या वयात दोन्ही खांद्यांवर ओझं मला झेपलं नसतं.

चार दिवस काम चाललं. बाई बोट दाखवायच्या आणि घड्याळजी डाग द्यायचे. डाग कसले, गोळेच ते! पाचव्या दिवशी दुपारी बाई औषध घ्यायला आत गेल्या तेव्हा माझं सॉकेट तेवढं जोडायचं राहिलं होतं. घड्याळजींना धीर धरवला नाही. त्यांनी नकाशा पाहिला, पिना मोजल्या, तारा जोडल्या, मला बसवलं आणि प्रीअँप्लिफायरची पेटी आडवी ठेवून प्लग लावला.

मित्रांनो, इथेच घात झाला होता. व्हॉल्व्हच्या पिना खालच्या बाजूनं बघून मोजायच्या असतात. घड्याळजींनी त्या वरून मोजल्या, म्हणजे सगळं उलटं झालं. अडीचशे व्होल्टची लाल तार माझ्या सहाव्या पिनेऐवजी चौथीवर आली होती. चौथीवर माझ्या तापणाऱ्या तारेचं टोक असतं. बटण दाबलं असतं तर मी क्षणात जळून गेलो असतो, आणि बाईंचा आवाजही कायमचा गेला असता.

त्यांचं बोट बटणाकडे निघालं. मला सगळं कळत होतं, पण मी काच, ओरडणार कसा?

तेवढ्यात बाई दारात आल्या. आडव्या पेटीची उघडी बाजू त्यांच्याकडेच होती. त्यांना लाल तार दिसली. त्यांनी तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, पण नुसती हवा बाहेर आली. घड्याळजींची पाठ त्यांच्याकडे होती. बोट बटणाला टेकलं. त्या खोलीत ओरडू न शकणारे आम्ही दोघं होतो.

बाईंनी पाटी जमिनीवर आपटली.

घड्याळजी दचकून मागे वळले. पाटीचे तुकडे झाले होते, ती पाटी म्हणजे बाईंची जीभच होती. बाई खाली बसल्या, एक तुकडा उचलला आणि त्यावर एकच शब्द लिहिला, "खालून."

घड्याळजींनी पेटीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी प्लग काढला आणि सगळ्या तारा पुन्हा जोडल्या. या वेळी प्रत्येक पीन बाईंनी स्वतः बोट ठेवून मोजली.

मग बटण दाबलं. मी हळूहळू तापलो, लालसर उजळलो. मोबाइल आवाज टिपायला तयार ठेवला होता. टेप फिरू लागली. खरखर आली, पुन्हा खरखर. बाईंनी डोळे मिटले. आणि माझ्यातून एक तरुण, ठसठशीत आवाज बाहेर आला.

"हॅलो, हॅलो, एक दोन तीन... अहो घड्याळजी, वरून काय मोजताय? पिना खालून मोजतात, खालून! किती वेळा सांगायचं? व्हॉल्व्ह जाळाल एखाद्या दिवशी!" आणि मग खळखळून हसू.

घड्याळजींनी कपाळाला हात लावला आणि ते लहान मुलासारखे रडले. बाईंचे खांदे हसून हसून हलत होते आणि डोळे वाहत होते. त्यांनी पाटीचा तुकडा पुढे केला, "अजून शिकला नाहीत."

टेप पुन्हा लागली नाही. तिची भुकटी कितीतरी दिवस टेबलावर तशीच होती. घड्याळजी फडकं घेऊन यायचे आणि तसेच परत जायचे.

मित्रांनो, मी म्हातारा झालोय, केव्हाही विझेन. माझं एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूंना जपून हाताळा. आणि कुठलंही बटण दाबण्याआधी एकदा मागे वळून बघा. ज्याला ओरडता येत नाही असं कुणीतरी दारात उभं असेल.