मागे घेताना

"आधी संडासाची टाकी, मग मोरीची," ऑरिन स्वतःशीच पुटपुटला आणि गुडघ्यावर हात टेकत खाली बसला. दांडा ओढताच जाड नळीने अंग झटकलं आणि ती वाहायला लागली. हा क्रम चुकवून चालत नाही. मोरीचं साबणाचं पाणी मागून गेलं की नळी आपोआप धुतली जाते. घर चाकांवर असलं म्हणून काय झालं, घाण उपसायची कुणाला चुकली आहे?

"अरे, किती दिवस तुंबवून ठेवलं होतंस?" मागून हॉयट ओरडला. जन्मभर ट्रक चालवून निवृत्त झालेला गडी, तोंडाला कुलूप म्हणून नाही. "आम्हाला वाटलं, तू जेवण सोडलंस!"

"तुझ्यासारखं बकाबका खात नाही मी."

खरी गोष्ट अशी की ऑरिन चालढकल करत होता. अंघोळीला घरगाड्यांच्या तळावरच्या सार्वजनिक न्हाणीघरात जायचा, कागदी ताटलीत जेवायचा, भांडं म्हणून खरकटं करायचा नाही. कारण टाकी रिकामी करायची तर गाडी जागेवरून काढून फाटकापाशी आणावी लागते, आणि एकदा काढली की परत लावावी लागते. तीही मागे मागे घेत. एका बाजूला शेजारच्या वेल्माची कुंड्यांची रांग, दुसऱ्या बाजूला नळाचा खांब. हिवाळ्याच्या सुरुवातीला तो आला तेव्हा आजूबाजूला कुणी नव्हतं, गाडी मागे न घेता समोरून कशीही घुसवली तरी चालण्यासारखं होतं. आता अ‍ॅरिझोनातला तो तळ थंडीला भिऊन पळालेल्या म्हाताऱ्यांनी गच्च भरला होता.

आणि त्याची बायको, मार्लिस, वसंतातच गेली होती.

लेकीचा, क्रिस्टाचा, कालच मिनेसोटाहून फोन आला होता. "बाबा, तळघरातली खोली रंगवून ठेवलीय. गाडीला गिऱ्हाईकही चांगलं आहे, पण ते काय जन्मभर थांबणारे?"

"मला जमतंय एकट्याला."

"जमतंय? टीव्हीचा अँटेना वर ठेवून निघालास आणि पेट्रोल पंपाचं छप्पर खरवडून आलास, त्याला जमणं म्हणतात?"

ऑरिनला राग आला. रागाच्या भरात माणूस बोलू नये ते बोलतो. "ज्या दिवशी ही गाडी मला एकट्याला जागेवर लावता येणार नाही, त्या दिवशी विकीन. शब्द देतो. मग तर झालं?"

नळी धुऊन, गुंडाळून त्याने कप्प्यात टाकली आणि गाडी वळवली. पहिल्याच वळणाला मागे चमच्यांचा खण धाडकन उघडला. दुसऱ्या वळणाला फ्रीजचं दार. अंडी फुटल्याचा आवाज त्याला बसल्या जागी ऐकू आला. बाहेरचं सगळं ऑरिनचं आणि आतलं सगळं मार्लिसचं, अशी त्यांची वाटणी होती. कड्या लावणं आतल्यात मोडत होतं. दर खेपेला त्याला ते नंतर आठवायचं. "बस्स, आज रात्री जेवणच नको," तो म्हणाला. ऐकायला कोण होतं म्हणा!

जागेपाशी पोहोचेपर्यंत खुर्च्या मांडल्या गेल्या होत्या. कुणी गाडी मागे घेतंय म्हटलं की तळावरची मंडळी कॉफीचे पेले घेऊन जमायचीच. नवरा गाडीत, बायको मागे उभी राहून हातवारे करतेय, आणि दोघं एकमेकांचा उद्धार करतायत, म्हणजे तर दुधात साखर. ऑरिन आणि मार्लिसने त्यांना ती मजा अकरा हिवाळ्यांत एकदाही दिली नव्हती.

त्याने गाडी मागे घेतली. डाव्या आरशात पाहिलं. वाळू, कुंड्या, लांब एक निवडुंग. दोन हात सरकली असेल-नसेल, गाडी थांबली.

"ये, ये! हत्ती जाईल एवढी जागा आहे!" हॉयट ओरडला.

जागा आहे हे ऑरिनलाही दिसत होतं. त्याने पुन्हा पाय उचलला. पुन्हा थांबली. पुढे घेऊन, सरळ करून परत आला. तेच. खुर्च्यांमधली कुजबुज वाढली. गाडी बिघडली म्हणावं तर पाय त्याचाच होता, आणि तो आपसूक ब्रेकवर जात होता.

तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. पहिल्याच वर्षी, तो न बघता मागे आला आणि मार्लिस गाडी आणि झाडाच्या मधे चिरडता चिरडता वाचली. पांढरीफटक होऊन ती खिडकीपाशी आली होती. "हे बघ, मला हातवारे नको नि आरडाओरडा नको. मी डाव्या आरशात उभी राहीन. मी दिसेनाशी झाले की थांबायचं. बाकी काही लक्षात ठेवू नकोस." तेव्हापासून आरसा रिकामा झाला की पाय ब्रेकवर. पायाने ते आजतागायत पाळलं होतं. ती गेल्याचं पायाला कुणी सांगितलंच नव्हतं.

ऑरिनला भडभडून आलं. चारचौघांत नको म्हणून तो मान खाली घालून किल्लीशी चाळा करत राहिला.

"थांब, मी येतो!" हॉयट दोन्ही हात हलवत निघाला.

"तू बस खाली!" ऑरिन खेकसला. मग खिडकीतून डोकं काढून हळूच म्हणाला, "वेल्मा, जरा येतेस?"

वेल्मा कुंड्या आत ओढत होती. "माझ्या खुणा बघून आमचे हे किल्ल्या फेकून चालते व्हायचे बाबा! नंतर मला नावं ठेवू नकोस."

"खुणा नकोत. नुसती आरशात उभी राहा."

ती जाऊन उभी राहिली, स्वेटरच्या बाह्या ओढत, फोटो काढून घ्यायला उभं राहतात तशी. "दिसते का?"

"दिसतेस."

आणि गाडी एका दमात, सुतासारखी सरळ आत गेली. टाळ्या पडल्या. "म्हाताऱ्यात दम आहे रे अजून!" हॉयटने खुर्चीवरूनच ताटली वाजवली. हळूहळू खुर्च्या उचलल्या गेल्या.

ऑरिनने इंजिन बंद केलं, फोन घेतला.

"क्रिस्टा, त्या गिऱ्हाइकाला ये म्हणावं."

"काय झालं? कुठे धडकलास?"

"नाही गं. मस्त लागली. एकदम सरळ."

"मग?"

"शब्द दिला होता ना," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला.

"झालं ना रे?" मागून वेल्माने विचारलं. "हलू का आता?"

"जराशी थांब."

वेल्माचाही माणूस जाऊन काही वर्षं झाली होती. उन्हाला हात आडवा धरून ती तशीच उभी राहिली, आणि ऑरिन स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून आरशात बघत राहिला.