डावीकडचा क्लच

गाडी तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा शेजारी परीक्षा घ्यायला बसलेल्या आरटीओच्या साहेबांनी खिडकीबाहेर बघत सुस्कारा सोडला.

"बाई, क्लच दाबा की."

"दाबलाय ना साहेब!"

"दाबलाय, पण सोडताय कसा? चटका बसल्यासारखा. हळू सोडायचा असतो. एवढंही शिकवलं नाही का कोणी?"

चांगुणाला हसावं की रडावं कळेना. शिकवलं नाही? महिनाभर रोज सकाळी तिने पाथर्डी फाट्यापासून मुंबई नाक्यापर्यंत गाडी चालवली होती. ट्रक, कंपन्यांच्या बसगाड्या, मध्येच घुसणाऱ्या रिक्षा, सगळ्यांना चुकवत नेली होती आणि गाडी एकदाही बंद पडली नव्हती. एकदाही! आणि आज या मोकळ्या मैदानावर, आडवं यायला साधं कुत्रं नसताना, मेली जागची हलायला तयार नव्हती. क्लचसुद्धा आज दगडासारखा जड लागत होता. तिने पुन्हा किल्ली फिरवली, पाय उचलला, गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि गप्प झाली.

"उतरा," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "आठवडाभर चांगली प्रॅक्टिस करा आणि परत या."

चांगुणा उतरली. पदर खोचला होता तो सोडला, उगाच पुन्हा खोचला.

ही चांगुणा पेठकडच्या पाड्यावरची. लग्न करून अंबडला आली आणि नवऱ्याबरोबर डब्यांचा धंदा मांडून बसली. ती पहाटे उठून भाजी-पोळ्या करायची आणि धनराज जुन्या व्हॅनमधून कंपन्यांच्या गेटवर डबे पोचवायचा. लेकीचं शिक्षण, लग्न, सगळं त्या डब्यांवर झालं. चवीला नाव चांगुणाचं, पण गेटवर सगळे म्हणायचे 'धनराजचा डबा'. तिचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. नवरा-बायकोत कसलं आलंय तुझं-माझं!

मग धनराजची साखर वाढली आणि ती डोळ्यांत उतरली. दिवसा ठीक, पण अंधार पडला की समोरून येणारे दिवे फुटल्यासारखे दिसायला लागले. डॉक्टर म्हणाले, आता गाडी विसरा. थोरल्या दिरांनी लगेच आपल्या पोराला, बंटीला पुढे केलं. बंटी म्हणजे कामाला उद्या आणि जेवायला आत्ता. चांगुणाने सगळ्यांसमोर ठणकावलं, "त्याच्या हातात गाडी गेली म्हंजे धंदा गेला. मीच शिकते."

तिला वाटलं होतं, आता घरात महाभारत होणार. पण धनराज हसला. म्हणाला, "शीक की! त्यात काय?" स्वतः तिला आपल्या जुन्या दोस्ताच्या, किशोरच्या मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये घेऊन गेला. चांगुणाने गल्लीत ज्याला त्याला सांगितलं, माझा नवरा लाखात एक.

मैदानाच्या कडेला निंबाखाली चैताली उभी होती. कॉलेजातली पोरगी, चांगुणाच्याच बॅचची. रोज एकाच गाडीत जायच्या दोघी; एक चालवायची तेव्हा दुसरी मागच्या सीटवर. चैताली नुकतीच पास झाली होती, त्यामुळे तिला काय बोलावं सुचत नव्हतं.

"काकू, तुम्ही सरांना सांगायला हवं होतं ना, की आता पाय काढा म्हणून."

"कसला पाय?"

"सरांचा. त्यांच्या बाजूला पण क्लच-ब्रेक असतो ना. आमचे दोन-तीन दिवस झाले की ते पाय काढून घ्यायचे. तुमच्या वेळी शेवटपर्यंत ठेवायचे. मी एकदा विचारलं पण, तर म्हणाले, काकू घाबरतात, त्यांनीच सांगितलंय." चैताली चांगुणाच्या चेहऱ्याकडे बघून थांबली. "तुम्हीच सांगितलं होतं ना?"

किशोरचं एक पालुपद होतं. वहिनी, नजर रस्त्यावर, खाली बघायचं नाही. चांगुणाने महिनाभर खाली बघितलं नव्हतं. पायाखाली क्लच आपोआप लोण्यासारखा खाली जायचा, तिला वाटायचं आपलाच पाय बसला. लेखानगरच्या गर्दीत गाडी अलगद थांबायची, तिला वाटायचं आपणच थांबवली. म्हणजे ही नुसती स्टेअरिंग धरून बसली होती आणि गाडी हाकत होता दुसराच! आणि मागच्या सीटवर बसलेल्या पोरीसोरींना ते रोज दिसत होतं.

किशोर चहाच्या टपरीवर होता. ती समोर जाऊन उभी राहिली तसा त्याने ग्लास खाली ठेवला.

"नापास झाले, भावजी."

"होतं वहिनी, पहिल्यांदा होतंच…"

"तुमी पाय का नाय काढला?"

किशोरने इकडेतिकडे बघितलं. एखादी थाप त्याने मारलीही असती, पण ही बाई ओरडत नव्हती, तिथेच अवघडलं त्याचं. "वहिनी, माझ्यावर राग धरू नका. धनराजच म्हणाला, तिची हौस फिटू दे, पण गाडी यायला नको. एकदा नापास झाली की आपोआप नाद सोडेल. दोस्ताचा शब्द, मी काय करणार?"

"पाय काढायचा," चांगुणा म्हणाली आणि रस्त्याला लागली.

रिक्षात बसल्यावर तिला आठवायला नको तेच आठवत गेलं. नापास झाल्याचं काही नाही, नापास काय, पुन्हा देता येतं. पण रोज सकाळी घरी आली की ती पोळ्या लाटता लाटता धनराजला सगळं सांगायची. आज अहो, एवढा मोठा कंटेनर आला समोर, मी अशी बाजूला घेतली! आणि तो चहाची बशी तोंडाला लावून म्हणायचा, "अरे वा! ड्रायव्हरीणबाई!" हसायचा. तीही हसायची. महिनाभर तो तिला हसत होता आणि तिला वाटायचं, आपल्याबरोबर हसतोय. परक्याने फसवलं तर माणूस शिव्या घालून मोकळा होतो. पण याने केसाने गळा कापला होता.

धनराज ओट्यापाशी बसून लसूण सोलत होता.

"काय झालं गं?"

चांगुणाने चप्पल काढली. आता तरी खरं बोल बाबा, असं तिला मनापासून वाटत होतं. "नापास," ती म्हणाली.

"अरेरे! कसं काय? एवढी मस्त चालवायचीस!"

तेवढंच राहिलं होतं. चांगुणा खाली बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडली. धनराजने पुढे होऊन पाठीवर हात ठेवला तसा तिने तो झटकला.

"किशोर भावजींनी सांगितलं मला."

लसणाची पाकळी धनराजच्या हातात तशीच राहिली. मग तो बोलला, पण खालीच बघून. "नाही म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस का? दादाला बंटीचा शब्द देऊन बसलो होतो. आणि गेटवर तू उतरणार, तूच डबे देणार. मग मी कोण? घरात बसून लसूण सोलू?"

"मला सांगायचं ना तसं! भांडले असते, आपटले असते, पण सांगायचं! वीस वर्षं तुमच्या शेजारी बसून आले मी त्या गाडीत. कधी इचारलं का, ब्रेक नीट हाय का म्हणून?"

"बंटी उद्यापासून येतोय," धनराज पुटपुटला.

"त्याला सांगा, येऊ नको."

दुसऱ्या दिवशी डबे भरून झाले. चांगुणाने व्हॅनच्या पुढच्या-मागच्या काचेला तांबडा 'एल' चिकटवला, स्टेअरिंगमागे बसली आणि डावीकडचं दार आतून उघडलं.

"बसा."

"मी?"

"शिकाऊ माणसाशेजारी लायसन्सवाला लागतो. डॉक्टरांनी चालवायला नाय म्हटलंय, बसायला नाय."

धनराज बसला. जन्मात पहिल्यांदा तो त्या बाजूला बसला होता, गुडघे कुठे ठेवावेत हेही त्याला कळेना. गाडी सुरू झाली, गचका बसला, बंद पडली. मागे एका डब्याचं झाकण उडून रस्सा सांडला. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. धनराजचा पाय नुसत्याच पत्र्यावर दाबला जात होता.

"अर्धा सोड," तो हळूच म्हणाला. "तिथंच थांब. गाडी थरथरेल, मग बाकीचा सोड."

चांगुणाने त्याच्याकडे बघितलं.

"हे खरं सांगताय का?"

तो बरोबरच सांगत होता. पण आता ते तिला कळायला काही मार्ग नव्हता. तिने त्याच्या उत्तराची वाट पाहिली नाही. मान खाली घालून स्वतःच्या पायाकडे बघत राहिली आणि इंजिनाचा आवाज बदलेपर्यंत केसाकेसाने पाय वर घेत गेली. व्हॅन थरथरली आणि निघाली.

गल्ली संपते तिथे मोठा रस्ता लागतो. गाडी पुन्हा एकदा बंद पाडत तिने तिथपर्यंत आणली आणि थांबवली.

"डावीकडून कोणी नाही," धनराज म्हणाला. "जाऊ दे."

चांगुणा त्याच्या अंगावरून पुढे वाकली आणि डावीकडे स्वतः बघून घेतलं. खरंच कोणी नव्हतं. तिने पुन्हा एकदा बघितलं.