तीन दिवस विझलेला बंब

मी रोपघराचा बंब बोलतोय. चाळीसगावजवळच्या एका केळीच्या रोपवाटिकेत मी अकरा हिवाळे जळलो. प्रयोगशाळेतून आलेली बोटभर रोपं कडाक्याच्या थंडीत तग धरत नाहीत, म्हणून मालक हितेंद्रभाऊंनी मला आणलं. कपाशीच्या वाळक्या काटक्या, म्हणजे पऱ्हाट्या, खाऊन मी पाणी तापवायचो. ते नळ्यांतून रोपांच्या खालून फिरायचं.

मला पेटवायचं काम कुंदाबाईंचं. त्या सोनगीरकडच्या. सकाळी आल्या की आधी रोपांवरून हात फिरवत. स्वतःची बोटं शेकायला माझ्याजवळ सगळ्यांत शेवटी येत.

रोपघराचं छत एकपदरी प्लॅस्टिकचं होतं. माझी निम्मी ऊब आभाळात जायची. पऱ्हाट्या कमी पडल्या की भाऊ आणखी मागवत. वर मात्र कुणी पाहिलं नाही.

मागच्या पौषात भाऊंना रोपघर वाढवायचं होतं. परवानगी देणाऱ्या समीक्षा मॅडम देवपूरच्या कार्यालयातून आधी नुसती जागा पाहायला आल्या; बोलणं दाराबाहेरच झालं.

"भाऊ, तापवलेल्या रोपघराला ऊर्जा बचतीचे नियम लागतात," त्या म्हणाल्या. "छताला दुसरा पदर हवा, आतून पडदा हवा. आग गरजेपुरतीच राहील असं यंत्र हवं."

"आणि न तापवलेल्याला?"

"त्याला यातलं काही लागत नाही."

आतल्या तपासणीच्या तीन दिवस आधी भाऊंनी मला विझवलं, धुराडं उतरवलं, वर ताडपत्री टाकली. अर्जात लिहिलं, 'न तापवलेले'.

नेमकी त्याच दिवसांत थंडी उतरली. ताडपत्रीखाली मी गार पडून होतो. कुंदाबाई रोपांवर पोती पांघरत राहिल्या, तरी उत्तरेच्या दोन रांगा काळ्या पडल्या.

मॅडम आल्या. त्या रांगांपाशी थांबल्या. "हे कशानं झालं?"

"रोग आहे," भाऊ म्हणाले.

कुंदाबाईंनी पुढे होऊन माझ्यावरची ताडपत्री ओढली.

"मॅडम, रोग नही शे. हाऊ बंब रोज पेटस, तवय रोपं जगतस. तीन दिन आग बंद व्हती, म्हनीसन मरी गयात."

भाऊ बाहेर गेले. कुंदाबाईंनी खुंटीवरची डब्याची पिशवी काढली. कामावरून काढणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

भाऊ परत आले ते मान खाली घालून. "मॅडम, अर्ज परत द्या. खरा भरून देतो." मग कुंदाबाईंकडे वळले. "अक्का, कुठं निघाल्या? या दोन रांगा उपटायच्या आहेत."

त्या दिवशी भाऊंनी मेलेली रोपं स्वतःच्या हातानं उपटली.

उन्हाळ्यात छताला दुसरा पदर चढला, आत पडदा आला. मग माझ्याएवढ्या मोठ्या आगीची गरजच उरली नाही. माझ्या जागी एक लहानसा बंब बसला आणि मी बाहेर आलो.

आता पुन्हा हिवाळा आहे. चार दिवसांत मला भंगारात नेतील. राग कुणावर नाही. मागणं एकच: माझ्या लोखंडाचं पुढं काहीही करा, पण ते जे काम करेल, ते झाकू नका.

तोवर मी रोपघराच्या भिंतीला टेकून उभा आहे. आत छान ऊब आहे, असं कुंदाबाई सांगतात. माझ्यापर्यंत तिचा कणही येत नाही. तसंच असायला हवं.