बर्फातला झेंडू

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. तुमच्या घरी श्रीखंड आणि कोथिंबीर सांभाळतो तसला नव्हे. सध्या नेरूळच्या एका कॉलेजात जिन्याखाली उभा आहे. माझ्या दाराची रबरी पट्टी लोंबते आहे आणि पोटात खडूचे खोके भरलेत. मात्र नव्वदच्या सुमारास, मी आलो तेव्हा, माझ्यासाठी दोन विभागांत भांडण झालं होतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माझ्या पोटात एक दिवा होता. दार उघडलं की लागायचा, मिटलं की विझायचा. त्यामुळे जग मला दिसलं ते दार उघडं असेपर्यंतच. बाकी सगळं आयुष्य अंधारात ऐकण्यात गेलं. अंधारात बसून ऐकणाऱ्याला पुष्कळ कळतं, मित्रांनो. फक्त सांगता येत नाही.

कारखान्यात मला पांढरा रंग दिला, घासूनपुसून खोक्यात बसवलं, तेव्हा वाटलं होतं की आपण एखाद्या नव्या संसारात जाणार. गेलो प्रयोगशाळेत. नवी मुंबई तेव्हा कोरी होती, कॉलेज त्याहून कोरं होतं आणि संशोधनासाठी फ्रीज एकच. मग काय, सगळी शास्त्रं माझ्या पोटात. मधल्या फळीवर वनस्पतीवाल्यांची तिवरांची पानं. खाली भूगोलवाल्यांचा खाडीचा चिखल. इतिहासवाले मिठागरांचे जुने कागद पिशवीत बांधून बर्फाजवळ ठेवत, म्हणजे त्यातली कसर गारठून मरावी. मानसशास्त्रवाल्यांनी मुलांचा धीर मोजण्यासाठी कुल्फ्या आणल्या होत्या. त्यातल्या मुलांपर्यंत किती पोचल्या, ते विचारू नका.

वरचा बर्फाचा कप्पा मात्र शुभदा मॅडमचा. त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. त्यात खाडीचे मासे, चांदीच्या कागदात गुंडाळलेले. अभय सर समाजशास्त्राचे. ते फक्त डबा ठेवायला यायचे.

"सर, तुमच्या शास्त्रात गार ठेवण्यासारखं काहीच कसं नसतं हो?" मॅडम एकदा म्हणाल्या.

"आमची माणसं उघड्यावरच खराब होतात, मॅडम," सर म्हणाले. "डबा जरा सरकवू का? तुमच्या माशाचा वास भाजीला लागतोय."

मॅडमच्या त्या माशांची गोष्ट सांगायची आहे. पावसाळा सरता सरता एका दुपारी अभय सर करावे गावातून एका बाईंना घेऊन आले. राहीबाई त्यांचं नाव. सरांनी डब्यासाठी माझं दार उघडलं होतं, म्हणून मला दिसलं. त्यांनी टोपलीतून निवट्या, खाडीच्या चिखलातले बोटभर मासे, काढल्या आणि मॅडमच्या नाकाशी धरल्या.

"हुंग, बाय. कसला वास येते?"

मॅडमनी हुंगलं. "रॉकेलचा."

"आमच्या घरान सगल्यांना येते. चुलीवं ठेवल्यावं जास्तीच." त्या स्टुलावर बसल्या. "माझे सुनेला सातवा लागंल पुढचे महिन्यात. निवट्यांचे कालवनासाटी जीव टाकते. मी देत नाय. शेजारनी म्हनतान, सासू कंजूस हाय. तू शिकलेली हायेस, तू सांग. खायाला देऊ का नको?"

"आत्ता देऊ नका," मॅडम म्हणाल्या. "तपासून सांगते."

"किती दिस?"

"दिवाळीच्या आत."

राहीबाईंनी मान डोलावली. तेव्हापासून त्या येत राहिल्या. भरतीनंतर मासे आणायच्या, मॅडम ते गुंडाळून माझ्याकडे द्यायच्या. खाडीत काय मिसळतंय ते मुंबईच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत कळणार होतं. पण त्या द्रव्याचा स्वभाव वाईट होता. मॅडम मुलांना सांगत असताना मी ऐकलं: ते गारठ्यात माशाच्या अंगात दडून बसतं, ऊब मिळाली की वाफ होऊन निघून जातं, मागे खूण ठेवत नाही. म्हणून मासे पकडल्यापासून बर्फातच राहायला हवेत. हे ऐकून मला फार अभिमान वाटला. एका पोरीच्या पोटातल्या बाळाचा निकाल माझ्या पोटात होता.

आता सदूभाऊंबद्दल सांगतो. ते आमचे शिपाई. माझ्यावर त्यांच्याइतकी माया कोणीच केली नाही. त्यांचे वडील परळच्या गिरणीत होते. तिथे खंडेनवमीला साचा, म्हणजे आपला माग, धुऊन पुसून त्याची पूजा करायची आणि मग त्याला बंद ठेवायचं, दसरा उलटेपर्यंत. वर्षभर राबणाऱ्या लोखंडाला तेवढीच विश्रांती. गिरणी गेली, वडील गेले, रिवाज सदूभाऊंनी इकडे आणला.

त्या वर्षी खंडेनवमीला कॉलेज बंद होतं. ते घरून आंघोळ करून आले, मला ओल्या फडक्यानं पुसलं, दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, मुठीला हार घातला. मग दार उघडलं. मला त्यांचा चेहरा दिसला, प्रसन्न होता.

"पोटाची पण पूजा पायजे," ते म्हणाले. वरच्या कप्प्यात अगदी मागे एक बर्फाचा ट्रे कधीपासून पडून होता. त्या घट्ट बर्फावर त्यांनी झेंडूचं एक फूल ठेवलं. मॅडमच्या पुड्यांना त्यांनी बोटही लावलं नाही. परक्या सामानाला हात लावणारा तो माणूस नव्हता.

"घे आता पाठ टेकून," म्हणाले आणि बटण बंद केलं.

मित्रांनो, तुम्ही दमलात की झोपता. माझी झोप तशी नसते. माझी घरघर थांबली आणि प्रयोगशाळेत इतकी शांतता झाली की माझ्याच पोटातला पहिला थेंब पडलेला मला ऐकू आला. मग दुसरा. ऑक्टोबरचं ऊन खिडकीतून माझ्या पाठीवर येत होतं. चांदीचे कागद सैल पडायला लागले. त्यातून एक वास निघाला, रॉकेलचा, आणि दाराच्या रबराच्या फटीतून सावकाश बाहेर जाऊ लागला. मला दार आवळून धरता येईना, कोणाला हाक मारता येईना. बाहेर कुठेतरी सोसायटीत लाउडस्पीकरवर गरबा चालला होता. माझ्यातून ती एकुलती एक साक्ष निघून चालली होती आणि गळ्यात माझ्या हार होता.

कॉलेज उघडायच्या आदल्या दिवशी सदूभाऊ झाडलोट करायला आले. खाली पाणी साचलं होतं, ते त्यांनी फिनेलनं पुसलं, बटण चालू केलं, माझ्या पाठीवर थाप मारली. "झाला आराम?"

रात्रीतून सगळं पुन्हा गोठलं. मॅडम आल्या तेव्हा पुड्या होत्या तशाच टणक होत्या. त्यांनी निम्म्या पेटीत भरून मुंबईला पाठवल्या.

दिवाळीच्या तोंडावर उत्तर आलं. काही आढळलं नाही. राहीबाई आल्या होत्या. मॅडमच्या आवाजात इतका आनंद मी कधी ऐकला नव्हता.

"द्या हो सुनेला. खुशाल खाऊ दे."

"वास येते तो?"

"मासा स्वच्छ आहे, राहीबाई. कागदावर लिहून आलंय."

"मंग आजच करते," राहीबाई म्हणाल्या. "पोरीनं लई वाट बघितली."

दाराआड मी घरघरत होतो. त्याला तुम्ही काहीही म्हणा.

दिवाळीची सुट्टी झाली, कॉलेज पुन्हा सुरू झालं, आणि एका दुपारी अभय सर डबा काढता काढता म्हणाले, "मॅडम, करावेतली पंधरा-वीस घरं मी फिरलोय. प्रत्येक घरातली बाई वास येतो म्हणते. तुमचा रिपोर्ट म्हणतो, नाही. आता खोटं कोण?"

"बायका एकमेकींचं ऐकून बोलतात, सर."

"एकमेकींचं ऐकून नाक बदलतं का?"

"मग हुंगा तुम्हीच," मॅडम चिडून म्हणाल्या. "उरलेले मासे आहेत अजून."

त्यांनी वरचा कप्पा उघडून पुड्या भराभरा बाहेर ठेवल्या. एक सोडून नाकाशी नेली. "बघा. रॉकेलचा वास नाहीच." आणि मग पुडी पुन्हा एकदा हुंगली. स्वतःच हळू आवाजात म्हणाल्या, "पण ठेवला तेव्हा होता. मी स्वतः हुंगला होता."

पुड्या निघाल्यामुळे मागचा ट्रे उघडा पडला होता. माझा दिवा लागलेला होता. आयुष्यात तो कधी उपयोगी पडला असेल तर त्या क्षणी. मॅडमनी ट्रे ओढला. बर्फाच्या आत घट्ट रुतलेलं झेंडूचं फूल होतं. केशरी, पाकळीन् पाकळी शाबूत.

"सदूभाऊ," त्यांनी हाक मारली. "हे फूल कोणी ठेवलं?"

"मीच की, खंडेनवमीला."

"कुठं ठेवलं होतं?"

"बर्फावर. वरती."

"मग आत कसं गेलं?"

सदूभाऊ हसले. "बंद केल्यावर पानी झालं असंल, मॅडम. एक-दोन दिवस आराम देतो आमी यंत्राला." मग त्यांनी मॅडमचा चेहरा पाहिला. "काय झालं? काय चुकलं का माजं?"

मॅडम पर्स घेऊन तडक करावेला निघाल्या, अभय सर त्यांच्या मागे. माझं दार उघडंच राहिलं. दिवा बराच वेळ रिकाम्या खोलीवर जळत होता.

दुसऱ्या दिवशी राहीबाई ताजे मासे घेऊन आल्या. ओरडल्या नाहीत. टोपली माझ्यासमोर ठेवली.

"हे ठेव. आता बंद करू नको."

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"काल तू सांगलास, मासा चांगला का वाईट तुला म्हायती नाय. बरं झालं सांगलास. पन सून दिवाळीपासून खाते, बाय. तिनं खाल्लं त्याचा मी काय करू?"

मॅडमनी माझं दार धरून ठेवलं होतं. मग एकेक मासा गुंडाळून त्यांनी वरच्या कप्प्यात ठेवला.

दुसऱ्या खेपेला उत्तर वेगळं आलं. वासाला नाव मिळालं, लांबलचक. मॅडम आणि अभय सर करावेत घरोघर जाऊन सांगून आले. सुनेला मुलगी झाली. राहीबाई पेढे घेऊन आल्या. अभय सरांनी विचारलं, "बाळ कसं आहे?"

"आता तरी बरी दिसते," राहीबाई म्हणाल्या.

त्या पेढ्याला कोणी पटकन हात लावला नाही. सदूभाऊंनी तर लावलाच नाही. पुढच्या खंडेनवमीला त्यांनी मला पुसलं, हार घातला, दार उघडलं आणि बटणाकडे पाठ करून माझ्या चालू मोटारीसमोर बराच वेळ हात जोडून उभे राहिले.

ती मुलगी आता कशी आहे, मला माहीत नाही. जिन्याखाली कोणी येत नाही. माझ्यातला दिवाही काढून नेला आहे. तुमच्याकडे एकच मागणं आहे, मित्रांनो. एखाद्यावर माया करायची असेल तर जरूर करा, फुलं वाहा, विश्रांती द्या. पण बटणाला हात लावण्याआधी दार उघडून बघा, त्यानं पोटात कोणाचं काय जपून ठेवलंय. आम्हाला विचारलंत तर आम्ही सांगू शकत नाही. तुम्हालाच बघावं लागेल.