मर्सीबाईंच्या खवट करंज्या

चर्चमधली उपासना संपली की पंचांची मीटिंग होती, आणि तिच्यात एकच विषय: पाळक सतीश यांना इंग्लंडातल्या स्लाऊच्या मराठी मंडळीनं ठेवायचं की नाही. ठेवलं तर व्हिसा वाढणार, घर राहणार. नाहीतर बॅगा भरा आणि नगर गाठा. मुख्य पंच यमुनामावशी. त्यांच्या भुवईपुढे व्हिसा देणारं होम ऑफिस परवडलं, असं सतीश म्हणायचे. घरात, दार लावून.

त्याआधी पाळकीणबाईंचं, म्हणजे आसावरीचं, वाचन होतं. अमेरिकेत इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा मर्सी नावाच्या एका पाळकीणबाईंनी लिहिलेली डायरी. मंडळी पगारात लाकडं द्यायची, तीही ओली. दोन लेकरं मातीआड झाली, पण रविवारी पाहुण्यांचं जेवण चुकलं नाही. आसावरीला बाई सख्खी वाटली. मग भाषांतरात, आपल्या माणसांना कळावं म्हणून, तिनं थोडा देशी मसाला घातला. केकच्या करंज्या केल्या.

करंज्यांची ओळ आली तेव्हा तिनं मान वर केली. पहिल्याच खुर्चीत यमुनामावशी. दर नाताळला घरोघर करंज्यांचे डबे धाडणाऱ्या. तिनं ओळ गाळली.

"पाळकीणबाई, एक ओळ राहिली."

मावशींच्या हातात भाषांतराची झेरॉक्स होती. सतीशनी सगळ्यांना वाटली होती. बायकोला मदत म्हणून.

आसावरीनं वाचलं, "मुख्य पंचांच्या बाईंनी नाताळच्या करंज्या पाठवल्या. खोबरं गेल्या वर्षीचं. आम्ही हसून खाल्ल्या. उरलेल्या कोंबड्यांना घातल्या. कोंबड्यांनी नाही खाल्ल्या."

कुणी हसलं नाही. मागे एकाला खोकला आला, तोही अर्ध्यात गिळला गेला.

"तेव्हा अमेरिकेत करंज्या होत्या?" मावशींनी विचारलं.

"नाही, मावशी. मुळात केक आहे."

"आणि खोबरं?"

"चरबी. जुनी."

"मग तुम्ही खोबरं का घातलंत?"

सतीश गीतांच्या पुस्तकात तोंड घालून बसले होते. पुस्तक उलटं होतं. लोकांना कळावं म्हणून, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. आसावरीच्या तोंडून निघालं, "चव ओळखीची वाटली, मावशी."

मावशी उठल्या. मागोमाग पंच उठले. आतल्या खोलीचं दार लागलं. बाहेर चहा निवत गेला, कुणी कपाला हात लावला नाही.

दार उघडलं. भुवई जागच्या जागी होती.

"तीन वर्षं वाढवलीत," मावशी म्हणाल्या. सतीशचा श्वास सुटतोय तोच पुढचं आलं. "आणि यंदापासून नाताळच्या करंज्या पाळकीणबाई करतील. अख्ख्या मंडळीच्या. चव बघायला मी येईन."

"बरं, मावशी."

गाडीत सतीशनी पट्टा लावला. मग म्हणाले, "खोबरं आपण ताजंच आणू हं."

"अहो, खोबऱ्याचं मी बघते," आसावरी म्हणाली. "स्लाऊत कोंबड्या पाळायला कौन्सिल परवानगी देतं का, तेवढं तुम्ही विचारा."